सही करण्याआधी ओढ्यावर जाऊन या

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका ग्रामसंघाच्या अध्यक्षांनी केलेलं हे भाषण. सभेनंतर अनेक जणींनी "हे लिहून द्या" असा आग्रह धरला, म्हणून जवळजवळ जसंच्या तसं छापत आहोत.)



मला विषय दिलाय "घनकचरा आणि शासकीय कार्यालयाची कर्तव्यं". विषय ऐकल्यावर आमच्या गटातली एक जण म्हणाली, "अध्यक्षताई, कर्तव्यं आपली असतात, कार्यालयाची कुठली?" सगळ्या हसलो. पण खरं सांगते, दीड वर्षापूर्वी मलाही तसंच वाटायचं. कचरा म्हटला की बाईनं झाडायचा, बाईनं उचलायचा, आणि साहेब आले की बाईनंच ओवाळायचं. कार्यालयाला काही काम असतं आणि ते कायद्यानं, नियमानं ठरलेलं असतं, हे मला माझ्याच एका चुकीतून कळलं. ती चूक आज तुमच्यासमोर कबूल करणार आहे, कारण तीच चूक या सभागृहातल्या निम्म्या जणींनी केली असेल.

गाडी आली, पगार नाही आला

आमचं गाव अडीच हजार वस्तीचं. दीड वर्षापूर्वी स्वच्छ भारत अभियानातून गावात कचऱ्याची तीनचाकी गाडी आली. हार घातला, नारळ फोडला, फोटो काढला. ग्रामपंचायतीनं आमच्या गटाला विचारलं, चालवता का? आमच्यातल्या चौघी तयार झाल्या. दर महिना प्रत्येकी तीन हजार रुपये ठरले. ठरले म्हणजे तोंडी ठरले, बरं का. कागद नाही, करार नाही.

घरातून विरोध झालाच. एकीची सासू म्हणाली, "हे आपलं काम न्हाई." सख्यांनो, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. कचरा करायचा सगळ्यांनी आणि उचलायचा ठरावीक घरांनी, ही आपल्या गावांची जुनी खोड आहे. त्या चौघींनी ती मोडली, म्हणून मला त्यांचा अभिमान आहे.

दोन महिने पैसे मिळाले. मग बंद. विचारलं की उत्तर एकच, "निधी आला नाही, आला की देतो." असे चार महिने गेले. चौघींचे मिळून अठ्ठेचाळीस हजार रुपये थकले. त्यातल्या एकीनं मुलीच्या बारावीच्या फीसाठी या पैशांच्या भरवशावर गटाकडून दहा हजार कर्ज घेतलेलं. तिचा हप्ता थकला. आमच्या गटाच्या वसुली रजिस्टरला सहा वर्षांत पहिल्यांदा थकबाकी लागली. बँकेचं पुढचं कर्ज मंजूर व्हायची वेळ, आणि रजिस्टरला लाल शेरा. गटात आपसात कुजबुज सुरू झाली. म्हणजे बघा, कचरा राहिला बाजूला, आमचा गटच फुटायला निघाला.

तेवढ्यात गाडीचं चाक मोडलं. दुरुस्तीला पैसे नाहीत. गाडी ग्रामपंचायतीच्या मागं उभी. लोक पुन्हा ओढ्यात कचरा टाकायला लागले. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, औषध फवारणीच्या बाटल्या, लहान पोरांचे डायपर. कुणीतरी संध्याकाळी काडी लावायचं. ओढ्याच्या काठावरच अंगणवाडी. सकाळीसुद्धा ढीग धुमसत असायचा. सेविकाताई खिडक्या लावून पोरांना बसवायची. प्लास्टिक जळताना जो धूर निघतो त्यात विषारी वायू असतात, आणि तो सगळ्यात आधी लहान पोरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या छातीत जातो.

माझी चूक

आम्ही तक्रार करायला निघालो. पहिली चूक, तहसील कार्यालयात गेलो. आपल्याला सगळं सरकार म्हणजे तहसीलच वाटतं. तिथं म्हणाले, हे महसूलचं काम नाही, पंचायत समितीत जा. एसटीचं भाडं गेलं, पाच जणींचा रोज बुडाला. दुसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला पंचायत समितीत साहेब भेटले.

साहेब काही वाईट बोलले नाहीत. त्यांनी शांतपणे आमच्या गावाची फाईल काढली आणि आमच्यापुढं फिरवून ठेवली. त्यात आमच्या ग्रामसभेचा ठराव होता. "गावात घनकचरा व सांडपाणी व्यवस्थापनाची सोय सुरू असून गाव हागणदारीमुक्त अधिक, उज्ज्वल दर्जाचे घोषित करण्यात येत आहे." खाली सूचक म्हणून एकाचं नाव. आणि अनुमोदक म्हणून माझं.

"ताई, ही सही तुमचीच ना?" साहेबांनी विचारलं.

माझीच होती. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हजेरीच्या सह्या झाल्यावर ग्रामसेवकांनी प्रोसिडिंग पुढं केलं, "ताई, इथं पण एक." मी केली. वाचली नाही. त्या दिवशी गाडी उभी राहून पंधरा दिवस झाले होते, आणि मीच अनुमोदन दिलं की सगळं सुरू आहे.

सख्यांनो, मला त्या खुर्चीत बसवेना. पण त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. वरच्या कार्यालयाचं काम देखरेखीचं आहे. पण तालुक्यात कितीतरी गावं, जिल्ह्यात शेकड्यानं गावं. ते रोज आपल्या ओढ्यावर येत नाहीत. ते कागद बघतात. आणि कागदावर सही आपली असते. म्हणजे वरच्या कार्यालयाचे डोळे आपल्या सहीत असतात. आपणच डोळे मिटून सही केली, तर ते काय बघणार?

मी साहेबांना विचारलं, "चुकलं माझं. पण आता सांगा, यात कुणाचं काम काय?" त्यांनी सांगितलं, आम्ही वहीत लिहून घेतलं. पुढं आणखी विचारत गेलो. ते आता तुम्हाला सांगते. वही काढा.

कुणाचं काम काय

एक, ग्रामपंचायत. गावातला कचरा गोळा करणं, वेगळा करणं, ओल्याचं खत करणं, सुका पुढं पाठवणं, उघड्यावर जाळू न देणं, हे सगळं ग्रामपंचायतीचं काम. गावाची स्वच्छता हे ग्रामपंचायत अधिनियमानंच तिच्याकडं दिलंय. त्यासाठी ती आपल्याकडून घरपट्टीबरोबर करही घेते. घरी गेल्यावर पावती काढून बघा, घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी यांच्या रांगेत बहुतेक ठिकाणी आरोग्य कर किंवा सफाई कर लिहिलेला असतो. म्हणजे आपण फुकट मागत नाही.

दोन, पंचायत समिती. गटविकास अधिकारी हे तिथले प्रमुख. त्यांच्या हाताखाली स्वच्छतेचं काम बघणारे विस्तार अधिकारी आणि गट समन्वयक असतात. गावाच्या आराखड्याला मदत करणं, जागेवर येऊन बघणं, ग्रामपंचायत काम करत नसेल तर तिला विचारणं, हे त्यांचं काम. तालुक्याच्या पातळीवर प्लास्टिक प्रक्रिया केंद्र उभं करायला अभियानातून प्रत्येक तालुक्याला सोळा लाखांपर्यंत तरतूद ठरवलेली होती. गावोगावचं सुकं प्लास्टिक तिथं जावं, अशी ती कल्पना. तेव्हा पंचायत समितीत विचारा, आपल्या तालुक्यातलं केंद्र कुठं आहे, सुरू आहे का, आमच्या गावातून प्लास्टिक न्यायला गाडी कोणत्या वारी येणार?

तीन, जिल्हा परिषद. तिथं पाणी व स्वच्छता मिशनचा कक्ष असतो. गावाचा आराखडा मंजूर करणं, निधी सोडणं, प्रशिक्षण देणं आणि गावानं जे घोषित केलं ते खरं आहे का याची पडताळणी करणं, हे त्यांचं काम. हागणदारीमुक्त अधिकच्या तीन पायऱ्या आहेत. उदयोन्मुख म्हणजे शौचालयं वापरात आहेत आणि घनकचरा किंवा सांडपाणी यांपैकी एकाची तरी सोय आहे. उज्ज्वल म्हणजे दोन्हींची सोय आहे. उत्कृष्ट म्हणजे दोन्ही तर आहेतच, शिवाय गाव डोळ्यांना स्वच्छ दिसतं आणि भिंतीवर माहितीचे फलक आहेत. या पायऱ्या पाठ करा. कारण घोषणा ग्रामसभा करते, म्हणजे आपण करतो.

चार, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. हे १९७० पासून आहे. रोजच्या झाडलोटीसाठी त्यांच्याकडं जायचं नाही. पण शेजारच्या शहराचा कचरा आपल्या शिवारात येऊन पडतोय, कारखाना काहीतरी ओढ्यात सोडतोय, एखाद्या दवाखान्याच्या सुया आणि सलाईनच्या बाटल्या उकिरड्यावर सापडल्या, तर ते मंडळाचं काम. त्यांचं कार्यालय जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या गावी असतं. लेखी अर्ज करायचा, सोबत फोटो जोडायचा.

आता या यादीत तहसील नाही, हे लक्षात घ्या. चुकीच्या दारात कितीही ठोठावलं तरी ते उघडत नाही. तिथला माणूस वाईट असतो असं नाही, चावी त्याच्याकडं नसते.

पैसा कुठून येतो

हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या गावात "निधी आला नाही" म्हणत होते, ते खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं.

स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी साठ रुपयांपर्यंत ठरले. पाच हजारांच्या वर वस्ती असेल तर माणशी पंचेचाळीस. आमच्या अडीच हजार वस्तीला साठनं गुणलं तर दीड लाख होतात. त्यातले सत्तर टक्के, म्हणजे एक लाख पाच हजार अभियानाचे, आणि तीस टक्के, म्हणजे पंचेचाळीस हजार ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या पैशातून घालायचे. पण हे पैसे गाडी, खड्डा, शेड, कुंड्या उभारायला. रोजचं चालवायला नाहीत! गाडी वरून येते, पण गाडी चालवणारीचा पगार आणि मोडलेलं चाक हे ग्रामपंचायतीनं स्वतः बघायचं असतं. वित्त आयोगाच्या निधीतून, स्वतःच्या करातून, आणि घरोघरीच्या वर्गणीतून.

पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी ग्रामपंचायतीच्या निधीचे दोन भाग केले. साठ टक्के बंधित आणि चाळीस टक्के अबंधित. बंधितातला निम्मा, म्हणजे एकूण निधीच्या तीस टक्के, स्वच्छतेसाठी, आणि तेवढाच पिण्याच्या पाण्यासाठी. पण तो कशावर खर्च करायचा हे ग्रामपंचायत विकास आराखड्यात लिहावं लागतं. आराखड्यात ओळ नसेल तर पैसा निघत नाही.

आमच्या सीआरपी ताईनं मोबाईलवर ई-ग्रामस्वराज उघडलं. तिथं आमच्या गावाचा आराखडा दिसतो, कुणीही बघू शकतं. स्वच्छतेचे पैसे गटार दुरुस्तीला लावलेले. कचरा गाडीच्या मजुरीची ओळच नव्हती. कुणी खाल्ले नव्हते, सख्यांनो. कुणी मागितलेच नव्हते. आराखड्याची ग्रामसभा झाली त्या दिवशी आम्ही सगळ्या सोयाबीन काढायला शेतात होतो.

मग आम्ही काय केलं

ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, हे कायद्यातच आहे. आमच्याकडं ती कागदावरच व्हायची. या वेळी आम्ही लेखी पत्र दिलं, पोच घेतली, आणि सभा भरवली. एकोणसत्तर बाया आल्या. सभेच्या आधी सगळ्यांना ओढ्यावर नेलं. नुसतं सांगून कळत नाही, नाकानं कळतं.

मी उभी राहिले आणि म्हणाले, मागच्या ठरावावर माझं अनुमोदन आहे आणि ते चुकीचं आहे. लाज वाटली, पण म्हणाले. मग नवा ठराव केला. गाडी बंद आहे, कचरा जाळला जातोय, चौघींचे चार महिन्यांचे पैसे थकलेत, हे जसं आहे तसं लिहिलं. मागण्या चारच केल्या. थकीत मजुरी द्या. चाक दुरुस्त करा. आराखड्यात मजुरी आणि दुरुस्तीची ओळ घाला. गटाशी लेखी करार करा. ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या कक्षाला पाठवली. पुन्हा पोच घेतली.

एक महिन्यात पंचायत समितीचे लोक पाहणीला आले. आता त्यांच्या फाईलमध्ये खरा कागद होता ना! तेव्हा त्यांनाही यावंच लागलं.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. तीन महिन्यांचे पैसे ग्रामनिधीतून मिळाले, एका महिन्याचे अजून बाकी आहेत. गाडी सुरू झाली. घरटी महिना तीस रुपये वर्गणी ठरली. चारशे ऐंशी घरांतली तीनशेच्या आसपास देतात, बाकीचे "बघू" म्हणतात. ओढ्यातला जुना ढीग निम्मा उचललाय, निम्मा तसाच आहे. पण काडी लावणं बंद झालं आणि अंगणवाडीच्या खिडक्या उघड्या असतात. आमच्या रजिस्टरवरची थकबाकीही फिटली.

करारात काय हवं

तुमच्या गटाला कुणी कचऱ्याचं काम देत असेल तर आनंदानं घ्या, पण कागदावर घ्या. पुण्यात कचरावेचक बायांची "स्वच्छ" ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. त्यांच्यामागं १९९३ पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना आहे. शहरातल्या, अक्षरओळख नसलेल्या बायांनी लेखी करार करून घेतला, तर आपण तर दर आठवड्याला इतिवृत्त लिहिणाऱ्या बाया आहोत.

करारात एवढं असू द्या: महिना किती रुपये आणि कोणत्या तारखेला मिळणार. कोणत्या गल्ल्या, कोणते वार. गाडीची दुरुस्ती कुणाकडं. हातमोजे, मास्क, बूट, रेनकोट कोण देणार. भंगार आणि खत विकून येणारे पैसे कुणाचे. आमच्याकडं ते गटाचे ठरलेत. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरा उचलणाऱ्यांना हातमोजे, मास्क, बूट द्यायला सांगितलं होतं, बचत गटांना या कामात घ्या असंही लिहिलं होतं. ते नियम प्रामुख्यानं शहरांसाठी आणि शहरासारख्या वाढलेल्या गावांसाठी लिहिलेले. पण शहरातल्या बाईच्या हाताला काच लागते तशी आपल्याही हाताला लागते. तेव्हा करारात ते मागून घ्या.

आणि आपलं काम?

कार्यालयाची कर्तव्यं सांगितली म्हणून आपली सुटली असं नाही. कचरा आपल्या घरातून निघतो. खरं तर गावात ओला कचरा फारसा कधी अडचण नव्हताच. उष्टंखरकटं जनावराला, शेण-काडी उकिरड्याला. अडचण झाली ती प्लास्टिकनं. तेव्हा घरात तीन वाटे करा. ओलं खताला. सुकं कोरडं ठेवून गाडीत. आणि धोक्याचं वेगळं, म्हणजे फवारणीच्या बाटल्या, जुने सेल, फुटलेले बल्ब, संपलेली औषधं. फवारणीची बाटली धुऊन पाण्याला वापरू नका, जाळू तर नकाच. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, खूण करून द्या. उचलणारी आपलीच सखी आहे.

नाडेपचा हौद किंवा शोषखड्डा करायचा तर त्याची मागणीही ग्रामसभेतच नोंदवा.

अजून एक. अभियानाचा दिवस आला की झाडू घेऊन आपल्याला बोलावतात. जावं, आनंदानं जावं. गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात झाडू धरायची लाज कसली? त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं तेव्हापासून आपण श्रमदान करतोच आहोत. पण श्रमदान एका दिवसाचं असतं. रोजचं काम म्हणजे मजुरी, आणि मजुरी वेळेवर मिळायला हवी. या दोन्हींत गल्लत कुणालाही करू देऊ नका.

सख्यांनो, पुढच्याच महिन्यात २ ऑक्टोबरची ग्रामसभा आहे. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा तिथून सुरू होते. सोयाबीन काढायचं असेल, पण प्रत्येक गटातून दोघी तरी जा. आपला व्हीपीआरपी भरताना कचऱ्याची मागणी त्यात लिहा आणि ती आराखड्यात आली का ते विचारा. माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि कुणी प्रोसिडिंग पुढं करून म्हणालं, "ताई, इथं पण एक सही," तर घाई करू नका. वाचता येत नसेल तर शेजारणीला वाचायला सांगा. पटलं तर करा. नाही पटलं तर म्हणा, "थांबा भाऊ, मी आधी ओढ्यावर जाऊन येते."